घरच्या ओळींतली द्राक्षं

११ फेब्रुवारी, मंगळवार

आण्णांशी खोटं बोलले. जन्मदात्या बापाशी, सरळ, तोंड वर करून. कॉलेजच्या व्हरांड्यात फोन कानाला, हातात खडू तसाच!

दोनदा विचारलं त्यांनी. "कुणाला पायजेत म्हणालीस?" — साताऱ्यात एक ज्यूसवाले आहेत, आण्णा. लहानशी कंपनी. — "दारूवाला न्हाई न्हवं?" — छे हो! — मग परत, "बघ हां श्रद्धा. माझा नियम हाय." — अहो माहितीये की आण्णा, मी काय परकी आहे का?

'परकी आहे का' हे वर आणि! नुसत्या खोट्यानं भागलं नाही, त्याला फोडणी पण दिली.

ज्यूसवाले कुठले. क्रांतीची ब्रुअरी आहे ती. कोरेगाव रस्त्याला, जुन्या कोल्ड स्टोरेजच्या शेडमध्ये. तिथं ती लाकडी पिंपात आंबट बिअर मुरवते — सावर म्हणतात. वर्षाला तीन-चार पिंपं, बस्स. एका पिंपाच्या दोनशे चाळीस बाटल्या, आणि त्या फक्त क्लबातल्या साठ जणांना, माणशी चार. दुकानात मिळत नाही, हॉटेलात मिळत नाही. क्लबाचं नाव 'आंबटशौकीन'. मी त्यातली एक. दोन वर्षं झाली. सांगलीला घरी कुणाला पत्ता नाही.

क्रांतीला या वेळी द्राक्षाचं पिंप करायचंय. शंभर किलो हवीत, कमी फवारलेली, न धुतलेली, मण्यावरची पांढरी झाक तशीच राहिलेली. तिनं क्लबात विचारलं तर सगळे इकडंतिकडं बघत होते. आणि मीच बोलले, आमच्या आण्णांकडं आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला.

खरं लिहायचं तर उगीच नाही बोलले. मला ते पिंप हवं होतं. आमच्या बागेचं पिंप.


१२ फेब्रुवारी

मन खातंय. सांगून टाकावं का? उद्या.


१६ फेब्रुवारी, रविवार (गावी)

नाही सांगितलं.

सकाळी बागेत गेलो. बाहेर जाणाऱ्या मालाला औषधं मारावीच लागतात, म्हणून आण्णा सहा ओळी वेगळ्या ठेवतात. घरच्या ओळी. पाव्हण्यारावळ्यांना, लेकीबाळींना, देवळात. त्यांच्यावर फवारा जेमतेम. माणिकचमन जातीची. लांबट, पिवळसर, उन्हात धरलं तर आतली बी नसलेली जागा दिसते. तीच तोडायची ठरवली त्यांनी. मी म्हटलं, आण्णा, घरच्या ओळी कशाला? तर म्हणाले, "पोरीच्या वळखीचं गिऱ्हाईक हाय. वाईट माल दिऊ व्हय?"

शेजारचे सगळे आता यंत्रावर रसाचे थेंब टाकून गोडी मोजतात. आण्णा मणी तोंडात टाकतात, डोळे मिटतात, आणि मग एकतर मान हलवतात नाहीतर पुढच्या वेलीकडं जातात. आज एका ओळीत तर तीन वेली सोडल्या. "ह्येला अजून चार दिस." मी म्हटलं चालेल की. "न्हाई चालत."

पाच क्रेट भरले. सहावा त्यांनी आपणहून भरला. तिथं कामाला जी पोरं असतील त्यांना खायला! दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणे.

आणि बरोबर यायला निघाले. ज्यूसचा कारखाना बघायला. मी घाईनं आडवी आले. म्हटलं, आण्णा, स्वच्छतेचा नियम आहे त्यांचा, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. ते खूश! "चांगलं हाय की मग. माणसं शिस्तीची दिसत्यात."

जैनाचं घर, आईनं सूर्य मावळायच्या आत जेवायला वाढलं. पाणीसुद्धा फडक्यातनं गाळून घेते ती. माझ्या ताटात दुसऱ्यांदा तूप घातलं. आणि मी ते खाल्लं!


१७ फेब्रुवारी

रजा टाकून पिकअपबरोबर आले. क्रांतीनं एक मणी तोंडात टाकला आणि मोठ्यानं शिवीच दिली. चांगली शिवी. "श्रद्धे, हे कुठं लपवून ठेवलं होतंस गं!" मेढ्याची आहे ती, बोलली की शेड घुमते. गेल्या पावसाळ्यापासून पिंपात आंबत पडलेली बिअर आहे, तिच्यात द्राक्षं हातानं चुरगाळून घालायची. कोपरापर्यंत हात बुडवून मीही चुरगाळली.

तिनं वहीत नोंदवायला बागायतदाराचं नाव विचारलं. मी अभिमानानं सांगितलं. अभिमानानं! किती मूर्ख.

सहावा क्रेट पोरांनी खाल्ला. सगळे आण्णांना दुवा देत होते.

आता सहा महिने वाट बघायची.


३ मार्च

आण्णांचा फोन. "रस कसा झाला त्येंचा?" छान झाला म्हटलं. "गोड पडला?" — हो, लय गोड.


६ एप्रिल

आज सुट्टी. दिवसभर घरात. नियमाचं लिहून ठेवते, म्हणजे मलाच कळेल मी काय केलंय.

मी अकरा वर्षांची होते. गावात मुनीमहाराजांचा चातुर्मास होता. त्या वर्षी बागायतदारांमागं वाईनवाले लागले होते. ठरलेला भाव, माल कसाही असू दे, रोख पैसे. निम्मं गाव त्यांना माल देणार होतं. आण्णा एक दिवस प्रवचनाला बसले होते ते उठले, महाराजांपुढं जाऊन हात जोडले आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, माझ्या बागेतला एक मणीसुद्धा आयुष्यभर दारूला जाणार नाही. झालं. नियम घेतला म्हणजे घेतला. तो मोडायचा नसतो, आणि मोडला तर त्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

मग गारपिटीचं वर्ष आलं. मणी फुटले, घड नासले. असला माल वाईनलाच चालतो. ते लोक गाडी घेऊन दारात उभे राहिले. आईसुद्धा म्हणाली, "आवं, नासलेलंच जातंय, वाया नको जायला, एवढ्या वर्षी द्या." आण्णांनी गाडी रिकामी परत पाठवली. सगळा माल जनावरांपुढं टाकला. मी तेव्हा बारावीत. माझी फी आत्यानं भरली.

त्या माणसाची पोरगी मी. रसायनशास्त्र शिकवते. कशाचं काय होतं ते मला चांगलं कळतं!


१८ मे, रविवार

क्रांतीनं दहाबारा जणांना पिंपातून चाखायला बोलावलं होतं. जाणार नव्हते. अंकिता गाडी घेऊन दारात आली — कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिनंच मला या नादाला लावलं — "चल गं, तुझंच पिंप आहे, लग्नात नवरीच नाही असं कसं?"

गेले. अर्धा घोटच दिला प्रत्येकाला. अजून कच्ची आहे. आंबटपणा नुसता टोचतो, द्राक्ष लांब कुठंतरी. क्रांती म्हणाली, अजून बोलत नाहीये, ऑगस्ट उजाडेल. सगळे हिरमुसले. मी सगळ्यांत जास्त. मघाशी गाडीत देवाला म्हणत होते ही बिअर बिघडू दे, म्हणजे सुटले. आणि घोट घेतल्यावर म्हणतेय, लवकर होऊ दे!

मला नक्की काय हवंय?

लोक विचारतात, त्यात एवढं काय आहे. मला नीट सांगता येत नाही. आमच्या घरी कालचं दही चालत नाही, आंबवलेली इडली चालत नाही, मुरलेलं लोणचं चालत नाही. प्रत्येक गोष्टीची मर्यादा. ती टळली की टाकून द्यायची. मला तेहेतीस वर्षं सगळं ताजं मिळालं. आणि क्रांतीकडं पहिल्यांदा कळलं, की मर्यादा टळल्यावर पण चव असते. दोन वर्षं पडून राहिलेल्या गोष्टीला काहीतरी सांगायचं असतं. पहिल्या दिवशी घरी येऊन दोनदा दात घासले आणि तिसऱ्या दिवशी क्लबाचा फॉर्म भरला.


११ जून

आई सांगत होती, आण्णा देवळात सगळ्यांना सांगतात — आमच्या द्राक्षाचा रस साताऱ्याला जातो, श्रद्धानं ओळख काढून दिली. शेजारच्या बागेचे जिनेंद्रकाका विचारत होते आमचा पण माल घेतील का.

मी म्हटलं या वर्षी झालं त्यांचं.


२० जुलै, रविवार

मेले!!

आंबटशौकीनच्या ग्रुपवर क्रांतीनं लेबलचा फोटो टाकला. पिवळं लेबल, द्राक्षाचा घड, आणि खाली झोकात — 'जिनदत्त'. त्याखाली बारीक अक्षरात, सांगलीच्या जिनदत्त आण्णांच्या बागेतली घरची द्राक्षं. एकतीस ऑगस्टला बाटल्या मिळणार. बदाम, टाळ्या, "श्रद्धा पार्टी!" नुसता पाऊस पडलाय मेसेजचा.

साठ माणसं. त्यांतला एकजण मिरजेचा, दोघं सांगलीचे. त्यांचे ग्रुप वेगळे, त्यांच्या बायकांचे ग्रुप वेगळे. हा फोटो देवळापर्यंत जायला किती वेळ लागतो? आण्णांच्या नावाची दारू!

क्रांतीला फोन लावला. "अगं, सरप्राइज होतं तुला!" मी म्हटलं, आण्णांना असलं नाव वगैरे आवडत नाही. "सगळ्या शेतकऱ्यांना आवडतं. लाजत असतील." फोटो काढून टाक म्हटलं, अजून कुणाला दाखवू नका असं लिही. बरं म्हणाली. पण आवाजात प्रश्न होता.


३ ऑगस्ट, रविवार

सांगितलं क्रांतीला. सगळं. नियम, गारपीट, ज्यूसवाले, सगळं.

ती पिंप धूत होती. पाइप खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू मला गंडवलंस ते जाऊ दे. त्या म्हाताऱ्या माणसाला न सांगता त्याचा माल माझ्या पिंपात? आमच्या मेढ्याला याला चोरी म्हणतात. आणि मी ती घरात ठेवून घेतली!"

मी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, आण्णांना विचार. ते हो म्हणाले तर बाटल्या भरते, नाव लावायचं तर लावते, नको तर नको. नाही म्हणाले तर सगळं पिंप गटारात ओतून देईन. क्लबाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. पण विचारायचंस तू. आठवड्यात.

"क्रांती, वर्षाची मेहनत आहे तुझी." "व्हय ना. मग लवकर विचार."

निघताना तिनं एक ग्लास पुढं केला. पिंपातला. बघ म्हणाली, कशासाठी रडतेयस ते तरी बघ.

झालीय. बोलायला लागलीय.

तो घोट मी घ्यायला नको होता.


६ ऑगस्ट

फोन लावला. आण्णा ऑक्टोबर छाटणीच्या मजुरांचं बोलत होते. मग पाऊसपाण्याचं. मग "ठिवू का?" — ठेवा.


८ ऑगस्ट

आज पण नाही. "आवाज का असा?" म्हणाले. सर्दी म्हटलं.


१० ऑगस्ट, रविवार

काय लिहू. हे कुणीच वाचणार नाही, तरी हात थांबतोय.

क्रांतीला जाऊन सांगितलं, आण्णा हो म्हणाले.

ती बघत राहिली. "खरंच? कसं म्हणाले?" आणि मला काय सुचावं! म्हटलं, आधी गप्प बसले. मग म्हणाले, 'आता आंबलंच हाय तर वाया नको जायला.' फक्त नाव नको म्हणाले.

आण्णांच्या आवाजात म्हटलं मी ते. हेल काढून!

क्रांतीचे डोळे भरले. "मोठा माणूस आहे गं तुझा बाप." मला मिठी मारली. मी तशीच उभी.

पहिलं खोटं जीभ घसरून गेलं होतं, असं तरी म्हणता यायचं. हे ठरवून. आज पिंप गटारात जाणार असं दिसलं तेव्हा मला आण्णा आठवले नाहीत, तो घोट आठवला. ही खरी गोष्ट. दुसरं काही कारण लिहिलं तर तेही खोटंच.


२२ ऑगस्ट

नवीन लेबल आलं. नाव नाही. त्या जागी अवतरणात — "वाया नको जायला." खाली, सांगलीचे एक बागायतदार.

दोनशे चाळीस वेळा छापलंय.


२८ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून दशलक्षण पर्व. दहा दिवस. आईनं या वर्षी दहाही उपवास धरलेत, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. साठी उलटली तिची. मी म्हटलं झेपेल का गं? "न झेपायला काय झालंय? तू तुझं बघ. जमंल तेवढं सोड." दरवर्षी मी या दहा दिवसांत बटाटा, कांदा, बाहेरचं खाणं सोडते. बिअर सोडते असं सांगायची सोय नाही, कारण पिते हेच माहीत नाही.

आण्णा एकाशन करतात, दिवसातून एकदाच जेवतात. फोनवर आज क्षमेवरचं प्रवचन ऐकवत होते. मी हूं हूं केलं.


३१ ऑगस्ट, रविवार

नाही जायचं असं ठरवून उठले. दहा वाजता रिक्षात होते.

शेडबाहेर रांग. पुण्याहून आले होते लोक, एकजण बेंगळुरूहून. साडेसहा महिने वाट बघितलेली माणसं, चेहरे कसे लहान पोरांसारखे. क्रांतीनं पहिली बाटली उघडली, सगळ्यांना थोडी थोडी दिली. आणि अंकितानं ग्लास वर करून आरोळी ठोकली — "वाया नको जायला!" झालं, सगळे तेच ओरडायला लागले. साठ माणसं! एकमेकांना ग्लास लावून, वाया नको जायला, वाया नको जायला! एकजण मला म्हणाला, तुमच्या वडलांना आमचा नमस्कार सांगा.

मी तिथं प्याले नाही. पर्व आहे म्हटलं. सगळ्यांना कौतुक वाटलं. त्याची पण लाज.

चार बाटल्या घेऊन घरी आले. फ्रिजमध्ये ठेवल्या. कपडे धुतले. पेपर तपासले. तिकडं आईचा चौथा उपवास. साडेपाचला वाटलं, सूर्य आहे तोवर तरी... काय डोकं चालतं बघा माणसाचं! दारू प्यायची, पण सूर्यास्ताच्या आत!

उघडली.

पहिल्या घोटाला जबडे आवळले. मग आंबट ओसरलं आणि मागून माणिकचमन आलं. घरच्या ओळीतलं, दुसरं कुठलंही नाही. मी लहानपणी घड पाटात बुडवून खायची ती चव. तिच्या मागं लाकूड, आणि जरासं कडू. मी आयुष्यात याच्याहून चांगलं काही चाखलेलं नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आणि लगेच मनात काय आलं, तर हे आण्णांना चाखवायला हवं. त्यांना कळलं असतं. त्या तीन वेली का सोडल्या होत्या ते यात कळतंय.

रडले. आणि दुसरा ग्लास भरला.


१ सप्टेंबर

आई फोनवर हळू बोलली. जीभ कोरडी पडते म्हणे. "तुझा आवाज ऐकला की बरं वाटतंय."

उरलेल्या तीन बाटल्या अंकिताला देऊन आले. का म्हणाली. नको म्हटलं.


७ सप्टेंबर, रविवार (गावी)

आईचं पारणं. काल पर्व संपलं. घरभर माणसं, प्रत्येकानं तिला चमच्यानं मुगाचं पाणी पाजायचं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातनं अर्धा चमचा तिच्या पदरावर सांडला. आई हसली, "उपास मी केला आणि चमचा तुला धरवंना!"

आण्णांनी सगळ्यांदेखत सांगितलं, या वर्षी रसवाल्यांनी लय कौतुक केलं मालाचं. जिनेंद्रकाका म्हणाले, नशीबवान हायस जिनदत्ता, लेक शिकली ती उपयोगी पडली.

उद्या क्षमावाणी. उद्या सांगणार. सांगितल्याशिवाय साताऱ्याची गाडी धरायची नाही.


८ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

कसं झालं ते आत्ताच लिहिते, नाहीतर मी मागून त्याला चांगलं वळण देईन. तेवढी माझी मला ओळख झालीय.

क्षमावाणीला आमच्याकडं सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. देवळात मागून झाली की घरी. थोरांनी पण धाकट्यांची मागायची. आण्णा दरवर्षी मागतात, आम्ही लहान असताना आम्हाला हसू यायचं. एवढा मोठा माणूस पोरांपुढं हात जोडतो म्हणून.

मी ओसरीवर मनात शब्द जुळवत बसले होते. आण्णा देवळातून आले. टोपी काढली. माझ्यापुढं उभे राहिले आणि हात जोडले.

"श्रद्धा, वर्षभरात काय दुखावलं असंल तर क्षमा कर." मी उठायला लागले तर थांब म्हणाले. "आणि एक हाय. फेब्रुवारीत द्राक्षं दिताना तुला दोनदा इचारलं. दारूवाला न्हाई न्हवं म्हणून. पोटच्या पोरीवर शंका घेतली. तवापास्नं मनात हुतं. त्येची क्षमा."

मला वाटलं जमीन फाटावी.

मी खाली बसले, त्यांच्या पायाशीच. आण्णा, तो दारूवालाच होता. एवढं बोलले, आणि मग सगळं सांगितलं. क्रांती, पिंप, क्लब. मी पिते, दोन वर्षं झाली. क्रांती विचार म्हणाली होती, मी विचारलं नाही, तुम्ही हो म्हणालात असं सांगितलं. बाटलीवर काय छापलंय तेही.

आण्णा ऐकत होते. हात जोडलेले होते ते सोडायचे विसरले होते. मग म्हणाले, "घरच्या वळी गेल्या?" — हो. — "आणि ते छापलंय ते... ते मी कवा म्हणालो?" — नाही म्हणालात, आण्णा. मी म्हणाले. — "गारपिटीच्या वर्षी तुझी आईच म्हणत हुती, वाया नको जायला. मी न्हवतो म्हणालो. मी कवाच न्हाई म्हणालो."

आवाज चढला नाही. पण असा चेहरा मी पाहिला नव्हता. रागावला असता माणूस तर मी पाय धरले असते. ते नुसते हिशोब लागत नाही अशा माणसासारखे बघत होते. मग टोपी घातली आणि बागेकडं गेले. दुपारचं जेवायला आले नाहीत.

आई स्वयंपाकघरात ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "आजच सांगायचं हुतं व्हय गं? आजच्या दिशी?" मग भिंतीला टेकून बसली. दहा दिवस काही न खाता ताठ बसली होती, ती आज टेकून बसली. म्हणाली, "मला नसतं सांगितलंस तर मी सुखानं मेले असते." थोड्या वेळानं परत, "न्हाई. सांगितलंस ते बरं केलंस." आणि परत रडायला लागली.

पाचच्या गाडीनं आले. आण्णा बागेतच होते. बसमधून घरच्या ओळी दिसतात. माणूस दिसला नाही.


९ सप्टेंबर

क्रांतीकडं जाऊन ते दुसरं खोटं पण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. क्लबच्या यादीतून माझं नाव माझ्यासमोर खोडलं. "चांगली पोरगी हायस. पण माझ्या शेडमध्ये नको." बरोबर आहे तिचं.


११ सप्टेंबर

फोन नाही. मीही केला नाही. काय तोंडानं करू?


१४ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. आण्णा काल चालत देवळात गेले, यंदा चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं उभे राहिले आणि सगळ्यांसमक्ष प्रायश्चित्त घेतलं — मरेपर्यंत द्राक्ष तोंडात घालणार नाही. एक मणीसुद्धा नाही. कशाबद्दल ते विचारलं तर 'बाग माझी, दोष माझा' एवढंच बोलले. माझं नाव घेतलं नाही.

मग फोन आण्णांनी घेतला. "फेब्रुवारीत पंधरा दिस रजा टाक," म्हणाले. "माल तोडायला कवा आला, ते आता तू चाखून सांगायचंस."